पाच जण पळवले, बाकीचे बसवले: टॉम थिबोडो यांच्या निक्समधल्या कोचिंगचं परीक्षण

काय तपासलं: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सचे माजी मुख्य प्रशिक्षक टॉम थिबोडो यांचं काम
कालावधी: जुलै २०२० ते ३ जून २०२५, मुख्य भर २०२४-२५ च्या हंगामावर
गुण: ५ पैकी ३

तीन गुण पाहून निक्सचे निम्मे चाहते म्हणतील फारच कमी दिले, उरलेले म्हणतील एवढे कशाला दिले. दोघांकडेही पुरावा आहे. २०१९-२० मध्ये ६६ पैकी २१ सामने जिंकलेली टीम या माणसाने हातात घेतली आणि पहिल्याच वर्षी ४१ विजय, ३१ पराभव इथवर नेली. टीमला ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (लीगच्या दोन गटांपैकी एक) चौथं मानांकन आणि त्यांना स्वतःला २०२१ चा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला. पुढचे हंगाम ३७-४५, ४७-३५, ५०-३२ आणि ५१-३१. पाच वर्षांत २२६ विजय, १७४ पराभव. लागोपाठ दोन हंगामांत पन्नाशी गाठणं न्यूयॉर्कला नव्वदच्या दशकानंतर जमलं नव्हतं. २००० नंतर पहिल्यांदा टीम ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत गेली, तिथे इंडियाना पेसर्सकडून ४-२ अशी हरली, आणि तीन दिवसांत थिबोडो यांना नारळ मिळाला.

तेव्हा तक्रार निकालांबद्दल नाही. तक्रार अशी की मे महिन्यात, म्हणजे प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत, जे करावं लागलं ते जानेवारीत कधी करूनच पाहिलं नव्हतं. मुख्य खेळाडूंना फार मिनिटं खेळवतात अशी जी ओरड वर्षानुवर्षं चालू होती ते या दुखण्याचं वरवरचं लक्षण. दुखणं असं की थिबोडो यांच्याकडे पहिली योजना उत्तम असते आणि दुसरी योजना म्हणजे पहिलीच, पण आणखी जोरात.

आधी मिनिटांचा हिशेब संपवू. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला २४० मिनिटं. २०२४-२५ मध्ये जॉश हार्ट सरासरी ३७.६ मिनिटं खेळला, मिकाल ब्रिजेस ३७, ओजी अनुनोबी ३६.६, जेलन ब्रन्सन ३५.४ आणि कार्ल-अँथनी टाउन्स ३५. बेरीज १८१.६. पाचही जण तंदुरुस्त असतील त्या दिवशी बाकीच्या सगळ्यांना मिळून उरतात साधारण ५८ मिनिटं. त्यात तीन जण नीट बसतात, चौथ्याला सात-आठ मिनिटं मिळतात, पाचव्याने गरम कपडे घालून टाळ्या वाजवायच्या. हार्टची सरासरी लीगमध्ये सर्वांत जास्त होती. एकूण मिनिटांत ब्रिजेस पहिला, ३,०३६. आणि बेंचकडून, म्हणजे बदली खेळाडूंकडून, आलेले गुण लीगमध्ये सर्वांत कमी.

आता ३७ मिनिटं आणि ३४ मिनिटं यांत एका खेळाडूच्या दृष्टीने फार फरक नसतो. तीन मिनिटांनी कुणाचा गुडघा जात नाही. पण पाच जणांची तीन-तीन मिनिटं म्हणजे पंधरा, आणि पंधरा मिनिटं म्हणजे एका नव्या माणसाची पूर्ण भूमिका. ८२ सामन्यांत ती १,२३० मिनिटं होतात. एवढ्या वेळात एखादा कच्चा गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू) पिक-अँड-रोल हा दोघांनी मिळून खेळायचा डाव वाचायला शिकतो, टाउन्स आणि मिचेल रॉबिन्सन या दोन उंच माणसांना एकमेकांच्या जागा कळतात, आणि कोण काय करू शकतो हे प्रशिक्षकालाही कळतं. थिबोडो यांनी थकवा वाढवला हा आरोप अर्धाच आहे. त्यांनी माहिती गोळा केली नाही, हा खरा आरोप.

मार्च २०२५ मध्ये ब्रिजेसने पत्रकारांसमोर सांगितलं की मिनिटं कमी करण्याबद्दल तो प्रशिक्षकांशी बोलला आहे आणि बेंचवर पुरेशी चांगली माणसं आहेत. थिबोडो म्हणाले, असं काही बोलणं झालंच नाही. कोण खरं हे बाजूला ठेवू. २०१८ मध्ये एनबीएत आल्यापासून एकही सामना न चुकवलेला, तक्रार करण्यासाठी अजिबात प्रसिद्ध नसलेला खेळाडू हे उघडपणे बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याने कान टवकारायला हवे होते.

सवय जुनी आहे. थिबोडो शिकागो बुल्सचे प्रशिक्षक असताना लुओल डेंग २०११-१२ आणि २०१२-१३ अशा दोन्ही हंगामांत सरासरी मिनिटांत लीगमध्ये पहिला होता, २०१४-१५ मध्ये तिथलाच जिमी बटलर. २८ एप्रिल २०१२ ला फिलाडेल्फियाविरुद्ध शिकागो १२ गुणांनी पुढे होतं, १ मिनिट २२ सेकंद बाकी होते आणि डेरिक रोझचा गुडघा गेला. त्या दुखापतीचं खापर थिबोडो यांच्यावर फोडणं मला पटत नाही, तशी उडी पहिल्या मिनिटालाही चुकू शकते. पण आदल्या वर्षीचा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) त्या ८२ सेकंदांसाठी मैदानावर कशाला हवा होता, याचं समाधानकारक उत्तर आजवर मिळालेलं नाही.

आता डावपेचांकडे, कारण खरा मासला तिथे आहे.

२०२४-२५ च्या निक्सचं आक्रमण एका जोडीभोवती उभं होतं: ब्रन्सनकडे चेंडू, टाउन्सचा स्क्रीन, म्हणजे ब्रन्सनवरच्या बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं. टाउन्स सात फुटांचा, आणि त्या हंगामात थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट) ४२ टक्के दराने टाकणारा. नेहमीप्रमाणे समोरच्या टीमचा सेंटर (बास्केट राखणारा उंच खेळाडू) त्याच्यावर असेल तर त्या सेंटरपुढे दोनच पर्याय उरतात, दोन्ही वाईट. रिमजवळ (बास्केटच्या कड्याजवळ) मागे थांबला तर टाउन्स स्क्रीन देऊन बाहेर सरकतो आणि मोकळा थ्री मारतो. वर आला तर ब्रन्सन त्याला बगल देऊन आत घुसतो आणि रिमवर कुणीच नसतं. हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत निक्सचं आक्रमण लीगमधल्या सर्वोत्तमांत होतं ते याच जोरावर.

नव्या वर्षाच्या आसपास बहुतेक टीमना उतारा सापडला. सेंटर टाउन्सवरून काढायचा आणि हार्टवर ठेवायचा. टाउन्सवर मजबूत अंगाचा विंग (कडेने खेळणारा, सेंटरहून चपळ खेळाडू). एवढ्या एका बदलाने बऱ्याच गोष्टी एकदम बिघडतात. टाउन्सने स्क्रीन दिला की विंग आणि गार्ड सरळ अदलाबदल करतात, त्यामुळे ब्रन्सनसमोर संथ सेंटर येतच नाही, चपळ विंग येतो. हार्टचा थ्रीचा दर ३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून सेंटर त्याला मोकळा सोडून पेंटमध्ये (बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात) तळ ठोकतो. टाउन्सने छोट्या माणसाला पाठीवर घ्यायचं म्हटलं तर तोच सेंटर दोन पावलांवर उभा. मग टाउन्स धडक मारतो, रिकाम्या हाताने ढकलतो आणि आक्रमक फाऊल घेऊन परततो. थ्री एवढा चांगला असूनही त्याचे थ्रीचे प्रयत्न सामन्याला पाचाच्या आतच राहिले.

हे पाहायचं असेल तर निक्सचा डाव सुरू होताना चेंडूवरची नजर काढा आणि पहिल्या चार-पाच सेकंदांत समोरचा सेंटर कुणाच्या जवळ उभा आहे तेवढं बघा. हार्टजवळ असेल आणि हार्ट कोपऱ्यात रिकामा उभा असेल, तर तो डाव बहुतेक वेळा ब्रन्सनच्या एकट्याच्या धडपडीत संपतो. कितीतरी सामन्यांत सगळा चौथा क्वार्टर असाच गेला.

उपाय गुप्त नव्हते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हार्टलाच स्क्रीन द्यायला लावणं. सेंटर हार्टवर असेल तर हार्टच्या स्क्रीनने तोच सेंटर वर ओढला जातो, आणि ब्रन्सनला हवा तो संथ माणूस परत समोर येतो. दोघांनी ब्रन्सनला घेरलं तर हार्टने फ्री थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घ्यायचा, आणि पुढे चार विरुद्ध तीन. हार्ट पास चांगला देतो, त्या हंगामात सामन्याला ५.९ असिस्ट होते. पण हे चालायला एक अट आहे: त्या वेळी टाउन्स रिमजवळ घोटाळत नको, समोरच्या बाजूला थ्री रेषेबाहेर हवा, म्हणजे मदतीला येणाऱ्याला धावायला लांब पडतं. निक्सने हा डाव अधूनमधून खेळला आणि खेळला तेव्हा बरा चालला. पण तो सरावाने अंगवळणी पडलेला दिसला नाही. हार्ट स्क्रीन देऊन कधी लवकर सुटायचा, कधी उशिरा, आणि टाउन्स अनेकदा चुकीच्या बाजूला उभा असायचा.

दुसरा उपाय म्हणजे हार्टऐवजी माइल्स मॅकब्राइड. मॅकब्राइडला मोकळं सोडता येत नाही, म्हणून सेंटरला लपायला जागाच राहत नाही. तोटा असा की हार्टचे सामन्याला ९.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) जातात, आणि मॅकब्राइड-ब्रन्सन ही जोडी उंचीला फार कमी पडते. तिसरा उपाय टाउन्सच्या जोडीला मिचेल रॉबिन्सन. याने थ्री वाढत नाहीत, पेंटमधली गर्दी उलट थोडी वाढते, पण समोरच्या सेंटरला रॉबिन्सनला चिकटून राहावंच लागतं, नाहीतर चुकलेला प्रत्येक शॉट तो उचलतो. बचावात तर फायदाच फायदा. एकच धोका: रॉबिन्सनचे फ्री थ्रो. बोस्टनने त्याला मुद्दाम फाऊल करकरून रेषेवर पाठवलं होतं.

तिन्ही उपायांना किंमत आहे, म्हणूनच ते नियमित हंगामात तपासायचे असतात. तिथे एक पराभव म्हणजे ८२ पैकी एक. थिबोडो यांनी मात्र डिसेंबरातला शार्लटविरुद्धचा सामनाही मालिकेचा निर्णायक सातवा सामना असल्यासारखा लढवला. त्याने ५१ विजय आले हे खरं. पण बोस्टन, क्लीव्हलँड आणि ओक्लाहोमा सिटी या तीन बलाढ्य टीमविरुद्ध नियमित हंगामातला हिशेब होता दहा सामने, दहा पराभव. दहा वेळा तेच प्रश्न आले आणि दहा वेळा तेच उत्तर लिहिलं गेलं.

इथे थोडा न्याय करायला हवा. रॉबिन्सन घोट्याच्या दुखापतीतून फेब्रुवारीच्या शेवटी परतला आणि नियमित हंगामात १७च सामने खेळला. त्याच सुमारास, ६ मार्चला, ब्रन्सनचा घोटा मुरगळला आणि तो महिनाभर बाहेर होता. लँड्री शॅमेटचा खांदा हंगामाआधीच निखळला होता. त्यामुळे टाउन्स आणि रॉबिन्सन यांना ब्रन्सनसह एकत्र तपासायला वेळ फार नव्हता. पण मॅकब्राइड वर्षभर होता, कॅमेरॉन पेन होता, टायलर कोलेक होता. ब्रन्सन नसतानाचा मार्च तर प्रयोगांसाठी आयता मिळालेला महिना होता. कोलेकला त्यात नियमित वीस मिनिटं मिळाली असती तर एप्रिलमध्ये निदान कळलं असतं की हा चालतो की नाही. ते मूल्यमापन पुढच्या प्रशिक्षकाच्या माथी गेलं.

बचावाबद्दल लोक थिबोडो यांना डोळे झाकून पूर्ण गुण देतात. ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. २००८ च्या विजेत्या बोस्टन सेल्टिक्सचा बचाव त्यांनी बांधला, आणि ज्याला आइस म्हणतात ती पद्धत आज कॉलेजपासून एनबीएपर्यंत सगळे वापरतात. मैदानाच्या कडेला पिक-अँड-रोल होत असेल तर चेंडूवरचा बचावपटू स्क्रीनच्या वरच्या बाजूला अंग वळवून उभा राहतो आणि मधला रस्ता बंद करतो. चेंडू कडेने, बेसलाइनकडे ढकलला जातो. तिथे सेंटर खाली वाट पाहत असतो. दुर्बळ बाजूचा, म्हणजे चेंडूपासून दूरचा, एक माणूस पेंटच्या काठापर्यंत सरकतो, पण बचावाच्या तीन सेकंदांच्या नियमामुळे (कुणाला न राखता पेंटमध्ये त्याहून जास्त थांबता येत नाही) सतत आत-बाहेर करत राहतो. साइडलाइन हाच जास्तीचा बचावपटू. २००८ मध्ये मैदानावर दोन-तीनच नेमबाज असायचे तेव्हा हे भेदणं फार अवघड होतं.

आज अडचण अशी की पिक-अँड-रोल कडेला फारसा होत नाही. तो बहुतेकदा मध्यावर, थ्री रेषेच्याही वर होतो, तिथे ढकलायला कड नाही. पाचही जण बाहेर उभे राहतात, सेंटरसुद्धा. मग खाली थांबलेल्या सेंटरचा काय उपयोग, तो राखत असलेल्या जागेत कुणी येतच नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण: या पद्धतीला खाली एक शिस्तीचा, अंतर मोजून पावलं टाकणारा सेंटर लागतो. २०२३-२४ मध्ये आयझेया हार्टनस्टाइन ते काम सुरेख करत होता. जुलै २०२४ मध्ये तो ओक्लाहोमा सिटीला गेला, कारण निक्सला तेवढे पैसे देणं नियमाने शक्य नव्हतं. त्याच्या जागी टाउन्स. टाउन्स गुण करतो, रिबाउंड खेचतो, पण खाली थांबायचं की वर जायचं या निर्णयात अर्धा सेकंद घालवतो, आणि त्या पातळीवर अर्धा सेकंद म्हणजे मोकळा शॉट.

त्याला ब्रन्सनची साथ. सहा फूट दोन इंचांचा गार्ड, जीव तोडून खेळणारा, प्रतिस्पर्ध्याचे आक्रमक फाऊल काढण्यात पटाईत, पण अंगाने लहान. बचावातले दोन कच्चे दुवे एकाच स्क्रीनमध्ये अडकवले की समोरच्या प्रशिक्षकाला आणखी काही करावं लागत नाही. यावर उपाय काढता येतात: ब्रन्सनला कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसावर लपवणं, तो स्क्रीनमध्ये खेचला गेलाच तर क्षणभर पुढे येऊन अडवून मागे पळणं, टाउन्सला सेंटरऐवजी विंगवर ठेवून रॉबिन्सनला रिमवर उभं करणं. पहिले दोन निक्सने केले, कधी नीट, कधी ढिसाळ. तिसऱ्यासाठी रॉबिन्सन आणि टाउन्स एकत्र हवेत, म्हणजे गाडी परत त्याच स्टेशनात. खंदा बचाव शिकवणारा हा प्रशिक्षक, आणि २०२४-२५ मध्ये त्याचा बचाव लीगच्या मध्यावर होता.

बोस्टनविरुद्धची मालिका न्यूयॉर्कने ४-२ जिंकली, आणि ती थिबोडो यांच्या बाजूने मांडायलाच हवी. पहिल्या दोन्ही सामन्यांत वीस गुणांची पिछाडी भरून काढली, दोन्ही बोस्टनच्या मैदानावर, आणि दोन्हीच्या शेवटी ब्रिजेसने चेंडू हिसकावला. टीमने कधी हार मानली नाही, ती शिस्त प्रशिक्षकाचीच. बोस्टनचा टेटम चौथ्या सामन्यात जायबंदी झाला हेही खरं, पण तेव्हा मालिका न्यूयॉर्ककडे झुकलेलीच होती.

इंडियानाविरुद्ध मात्र सगळी उधारी एकदम वसूल झाली. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांची ती टीम नऊ-दहा जण फिरवायची, बास्केट खाल्ल्यावरही चेंडू उचलून धावायची, आणि माइल्स टर्नरसारखा सेंटर बाहेरून थ्री टाकायचा. ३७-३८ मिनिटं खेळणाऱ्या पाच जणांसाठी याहून वाईट पाहुणा नव्हता. पहिल्या सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये ब्रन्सन पाचव्या फाऊलमुळे (सहाव्याला खेळाडू बाद होतो) बाकावर असताना न्यूयॉर्कने आघाडी उघडली. तीन मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ बाकी असताना ती १४ होती. मग एरन नेस्मिथने थ्रीमागून थ्री टाकले, न्यूयॉर्ककडून फ्री थ्रो चुकले, आणि शेवटच्या क्षणी टायरीस हॅलिबर्टनचा शॉट रिमच्या मागच्या बाजूवर आपटून आकाशात गेला आणि आत पडला. पाय रेषेवर होता म्हणून तीनऐवजी दोनच गुण, १२५-१२५. जादा वेळेत १३८-१३५ ने हार.

त्या शेवटच्या तीन मिनिटांचं कोचिंग परत पाहा. आक्रमणात घड्याळ संपवायचं म्हणून डाव उशिरा सुरू होतो आणि ब्रन्सनच्या अवघड शॉटवर संपतो. बचावात नेस्मिथ स्क्रीनमागून निघतोय हे दोनदा दिसल्यावर तरी त्याच्यावरच्या माणसाने अंगाला चिकटून, स्क्रीनच्या वरूनच जायला हवं होतं. दोन गुण द्या, तीन देऊ नका, एवढाच निरोप. तो टाइमआउटमध्ये दिला गेला असेलही, मैदानावर दिसला नाही. आणि थिबोडो यांची आधीची कीर्ती असल्या निरोपांवरच उभी आहे, म्हणून ते जास्त खुपतं.

दुसरा सामना ११४-१०९ असा गेला, पास्कल सियाकमने ३९ गुण केले. चौथ्या क्वार्टरचा मोठा भाग टाउन्स बाकावर होता, कारण बचावात तो परवडत नव्हता. ही गोष्ट मेच्या चौथ्या आठवड्यात कळावी? तिसऱ्या सामन्यात अखेर हार्ट बाहेर आणि रॉबिन्सन सुरुवातीच्या पाचांत. डेलॉन राइट आणि शॅमेट यांनाही मिनिटं मिळाली. न्यूयॉर्क १०६-१०० जिंकलं, टाउन्सने २४ पैकी २० गुण चौथ्या क्वार्टरमध्ये केले. प्लेऑफमधला तो पंधरावा सामना होता. सुरुवातीचे पाच जण मैदानावर असताना प्रतिस्पर्धी जास्त गुण करतोय हे त्याआधीच्या चौदा सामन्यांत दिसत होतं, घरबसल्या पाहणाऱ्यालाही. आपल्याकडे हे सामने पहाटे साडेपाचला सुरू होतात, अर्धवट झोपेतसुद्धा ते कळत होतं.

त्या बदलाने मालिका जिंकली असती असं मी म्हणत नाही. चौथ्या सामन्यात हॅलिबर्टनने ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड केले आणि एकदाही चेंडू गमावला नाही, असल्या रात्री कोणता प्रशिक्षक काय करणार. पण राइट आणि शॅमेट यांना कॉन्फरन्स फायनलमध्ये पहिल्यांदा खरी जबाबदारी देणं, म्हणजे पहिली तालीम पडदा वर गेल्यावर घेणं.

एक गैरसमज दूर करायला हवा. थिबोडो बदल करतच नाहीत, हे खोटं आहे. २०२१ च्या प्लेऑफमध्ये एल्फ्रिड पेटनला त्यांनी बाहेर काढलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंबा वॉकरला थेट रोटेशनबाहेर, म्हणजे नियमित खेळणाऱ्यांच्या यादीबाहेर. (डिसेंबरात माणसं कमी पडली म्हणून त्याला परत आणावं लागलं, तर त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ४४ गुण केले आणि नाताळच्या दिवशी ट्रिपल-डबल, म्हणजे तीन प्रकारांच्या आकडेवारीत दहा किंवा जास्त.) २०२२ च्या शेवटी इव्हान फूर्निये आणि इतरांना बसवून रोटेशन नऊ जणांचं केलं, आणि टीमने ओळीने आठ सामने जिंकले. म्हणजे हात चालतो. पण प्रत्येक वेळी बदल एकाच प्रकारचा: नाव खोडणं. यादी लहान होते, मिनिटं उरलेल्यांत वाटली जातात, थोडे दिवस फरक पडतो. नवीन काही जोडणं, दोन उंच माणसं एकत्र उभी करणं, एखाद्या नवख्याला महिनाभर चुका करू देणं, हे त्यांच्या पद्धतीत नाही. खोडून जिंकता येतं तोवर ते फार चांगले प्रशिक्षक आहेत.

व्यवस्थापनाचाही वाटा आहे, तो मी गुण देताना धरला आहे. ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) ब्रुकलिनला दिले, टाउन्ससाठी ज्युलियस रँडल आणि डॉन्टे डिव्हिन्चेन्झो मिनेसोटाला गेले. वरचे पाच जण महागडे झाले की बाकावर स्वस्त माणसं येतात. निक्सचे अध्यक्ष लियॉन रोझ यांनी जुलै २०२४ मध्ये थिबोडो यांचा करार तीन वर्षांनी वाढवला आणि पुढच्याच जूनमध्ये त्यांना काढलं. या प्रशिक्षकाच्या सवयी करार करतानाही सगळ्यांना ठाऊक होत्या. त्यानंतर नोकरीत असलेल्या दुसऱ्या टीमच्या प्रशिक्षकांसाठी परवानग्या मागत फिरले, नकार घेतले आणि शेवटी माइक ब्राउन यांना आणलं. निर्णय चुकीचा नसेल, पद्धत मात्र गबाळी होती.

मग ही सेवा कुणी घ्यावी? वर्षाला पंचवीस सामने जिंकणाऱ्या, बचावात बेशिस्त, तरुण टीमने जरूर. दोन वर्षांत रिबाउंड, परतीची धाव, फाऊल न करता हात वर ठेवणं, सगळं ताळ्यावर येईल आणि चाळीस-पंचेचाळीस विजय मिळतील. विजेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या टीमने घ्यायची असेल तर करारातच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. रोटेशनचा तक्ता सांभाळायला वेगळा सहायक, आणि त्याला सामना चालू असताना बोलायचा अधिकार. फेब्रुवारीतल्या ट्रेड डेडलाइनआधी (खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत) निदान दहा जणांना सलग आठवडे ठरावीक भूमिका. प्लेऑफमध्ये लागू शकतील अशा दोन पर्यायी पाचांना नियमित हंगामात प्रत्येकी दोनशे मिनिटं. आघाडी वीसच्या वर आणि सहा मिनिटं बाकी असतील तर मुख्य खेळाडू बाहेर, यावर चर्चा नाही.

आणि बाकावर कंटाळलेला तरुण खेळाडू विकायची वेळ आलीच, तर तो कुठे जातोय ते बघावं. ओबी टॉपिनला निक्सनी २०२० मध्ये आठव्या क्रमांकावर निवडलं, तीन वर्षं रँडलच्या मागे अकरा ते सतरा मिनिटांवर ठेवलं आणि जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीच्या दोन पिकवर देऊन टाकलं. घेणारी टीम इंडियाना. मालिकेच्या सहाव्या आणि शेवटच्या सामन्यात तो बेंचवरून आला आणि १८ गुण करून गेला.